धरून ठेवणं आणि सांभाळणं

११ जानेवारी २०२५, शनिवार

नाताळात पाळकसाहेबांनी चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येक घराला एकेक डायरी दिली. मी आजवर रजेचे अर्ज सोडून काही लिहिलेलं नाही. पण काही गोष्टी कुणाला सांगता येत नाहीत, आणि पोटात ठेवल्या की तिकिटाचा हिशोब चुकतो. अक्कलकोट स्टँडवर माझी गाडी पंचवीस मिनिटं थांबते. ड्रायव्हर चहाला जातो. तेवढ्या वेळात लिहायचं ठरवलंय.

पूनम बाळंत होऊन आज चौदा दिवस झाले. मुलगी झाली. नाव आरोही ठेवलं. पूनम चार दिवस झोपलेली नाही, तरी दमत नाही. सारखी घरात फिरते, धुतलेली भांडी परत धुते. काल आरोहीला मांडीवर घेऊन बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "हिचे कान आपल्यात कुणासारखेच नाहीत."

मी हसलो. ती हसली नाही.

बाळंतपणात बायकांचं असं होतं म्हणतात.

१३ जानेवारी

सोलापुरात गड्ड्याची यात्रा, म्हणून जादा गाड्या. दोन फेऱ्या जास्त झाल्या. घरी आलो तर आरोही रडून रडून निळी पडलेली आणि पूनम स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"दवाखान्यात बाळ बदललं," ती म्हणाली. "नर्सनं अंघोळीला नेलं ना, तेव्हा."

"मी दारातच उभा होतो, पूनम."

"तुम्ही फोनवर होतात."

हे खरं आहे. मी फोनवर होतो. रेश्माताईला, माझ्या बहिणीला, आपल्याला मुलगी झाल्याचं सांगत होतो. पण म्हणून काय बाळ बदलतं? तरी तिनं असं म्हटल्यावर माझीच नजर आरोहीच्या कानांकडे गेली. याची लाज वाटली.

संध्याकाळी सांगोल्याहून मामींचा, म्हणजे सासूबाई केराबाईंचा फोन आला. लेकीचा आवाज ऐकायचा होता. मी म्हणालो, झोपलीय. "मी येऊ का, जावायबापू?" "नको मामी, सगळं ठीक आहे."

त्यांना का बोलवत नाही, ते इथं लिहून टाकतो. चार वर्षांपूर्वी पूनम शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात शिवणकाम करत होती. आमचं लग्न ठरलं तेव्हा तिचे वडील, बिरदेवमामा, मेंढरं सोडून खास आले आणि चार माणसांत म्हणाले, "कंडक्टर माणूस, धर्म निराळा. चार दिस ठेवंल आन सोडून दील." मी सगळ्यांसमोर म्हणालो, मरेपर्यंत सोडणार नाही. तेच पुढं चर्चमध्ये देवासमोर म्हणालो. पूनमनं बाप्तिस्मा घेतलेला नव्हता, अजूनही नाही. तरी माझ्याइतक्याच मोठ्या आवाजात तिनं शपथ घेतली. म्हणाली, "देव कुठला का असेना, त्याला ऐकू तर येतं."

आता त्या माणसांना घरात बोलावून काय दाखवू?

१७ जानेवारी

पूनमसाठी धरलेल्या उपवासाचा तिसरा दिवस. सकाळी नळाला पाणी आलं, पाच दिवसांनी. ड्रम भरले, मग गुडघे टेकून प्रार्थना केली. प्रभू, ही माझी परीक्षा असेल तर मी तयार आहे. मी हिला सोडणार नाही. उठलो तेव्हा फार बळ आल्यासारखं वाटलं. प्रभूनं माझी निवड केली असावी असं वाटलं.

दुपारी बाळाचं वजन करायला आशा कार्यकर्ती आल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दादा, वहिनींना सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांना दाखवा. बाळंतपणानंतर होतं असं, औषधं आहेत त्याला. उशीर करू नका."

मी म्हणालो, माझी बायको वेडी नाही.

त्या गेल्यावर पूनमनं विचारलं, "त्या मला न्यायला आल्या होत्या?" मी म्हणालो, कोण नेतंय तुला? मी असताना?

माझ्या या बोलण्यानं तिला धीर आला असावा. त्यानंतर ती गप्प बसली.

२२ जानेवारी

देवाचे आभार. सुधारणा दिसते.

आज तिनं आरोहीचे सगळे कपडे धुतले, उन्हात वाळवले, नीट घड्या घातल्या आणि हिरव्या पिशवीत भरून ठेवले. टोपरी, दुपटी, झबली, सगळं वेगवेगळं. दुधाची बाटलीसुद्धा उकळून ठेवली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा घर घरासारखं दिसलं.

शिवाय माझ्या कामाबद्दल तिनं चौकशी केली. अक्कलकोटची दुपारची गाडी किती वाजता? तिला कुठं कुठं थांबे? तुमची ड्यूटी कुठल्या फेरीला? आम्ही लग्नाआधी असेच बोलायचो. मी तिला सगळं वेळापत्रक सांगितलं. ती बोटांवर मोजत होती.

"तिची आई रडत असेल हो," मध्येच म्हणाली.

मला वाटलं मामींबद्दल बोलतेय. मी म्हणालो, करू फोन उद्या.

२५ जानेवारी

कालचं लिहितो.

दुपारी दीडला मी अक्कलकोटच्या वाटेवर, वळसंगच्या पुढं होतो. सोलापूर स्टँडवरच्या कंट्रोलरचा फोन आला. "इंद्रजीत, तुझी मिसेस इथं आहे. ये बाबा लवकर." समोरून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला विनवलं, त्यानं माझे प्रवासी पुढं न्यायचं कबूल केलं. मी त्याच्या गाडीनं मागं फिरलो.

काय झालं ते तिथं कळलं. पूनम आरोहीला घेऊन, हिरवी पिशवी खांद्याला लावून, चालत स्टँडवर आली. अक्कलकोटच्या गाडीत चढली. खिडकीशी एक बाई बसली होती, बजाबाई, तडवळ्याची. तिच्या मांडीवर बाळ ठेवून पूनम म्हणाली, "हे तुमचं आहे. माझ्याकडं चुकून आलं. कपडे धुतलेत, दूध दोन तासांनी लागतं." तिला नमस्कार केला आणि खाली उतरून रस्त्याकडं चालायला लागली.

कंट्रोलरनं तिला पुढच्या फाटकाजवळ गाठलं. ती त्याला म्हणाली म्हणे, "मी चोर नाही. ज्याचं त्याला दिलं."

मी पोचलो तेव्हा बजाबाई बाकावर आरोहीला घेऊन बसल्या होत्या. त्यांची गाडी जाऊन दीड तास झाला होता. पुढचीही सोडली होती. माझ्या हातात बाळ देताना म्हणाल्या, "कंडक्टरसायब, पोरीला मारू नगा. तिनं लई मायेनं दिलं वो. बाटलीत दूदबी गरम व्हतं."

सगळा डेपो बघत होता. मी खाली बघून पूनमजवळ गेलो. तिनं मला ओळखलं नाही असं नाही. ओळखलं. म्हणाली, "कंडक्टर ना तुम्ही? मग माझं तिकीट काढा. माझं बाळ जिथं आहे तिथलं."

२६ जानेवारी, रविवार

परवाच संध्याकाळी सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई पस्तिशीच्या असतील. अर्धा तास पूनमशी बोलल्या, मग माझ्याशी. हा आजार आहे. बाळंतपणानंतर हजारात एखाद-दोन बायकांना होतो. बरा होतो. पण आत्ता तिला दाखल करायला हवं, आणि बाळ तिच्याजवळ एकट्यानं ठेवायचं नाही.

मी म्हणालो, मी शपथ घेतलीय. मी तिला असं टाकून जाणार नाही.

त्या म्हणाल्या, "टाकून जायला कोण सांगतंय? सही करायला सांगतेय."

मी सही केली नाही. बाहेर व्हरांड्यात आरोहीला घेऊन उभा राहिलो. किती वेळ ते आठवत नाही. आरोही ओली झाली होती आणि मला दुपटं बदलता येत नव्हतं. शेवटी मीच मामींना फोन केला. त्या मिळेल त्या जीपनं आल्या. आल्या तशा आरोहीला माझ्याकडून घेतलं, काचेतून लेकीकडं पाहिलं. रडल्या नाहीत. मला बाकावर बसवलं.

"कवापासनं हाय?"

"पंधरा-सोळा दिवस."

"आन मला फोनवर झोपलीय सांगत व्हता."

मी म्हणालो, मामी, मी तिला सोडलं नाही. एक दिवसही.

"व्हय, न्हाय सोडलं. धरून ठिवलं. पर सांबाळलं न्हाय, जावायबापू." मग जरा वेळानं म्हणाल्या, "मेंढी याली की कदी कदी पिल्लू घेत न्हाय. ढुशा देती. आमी काय तिला बाजारात न्हेतो व्हय? आन पिल्लूबी तिच्या पायात टाकत न्हाय. तिला बाजूला बांदायचं, खायाला घालायचं, पिल्लू हातानं पाजायचं. दोगं बी आपलीच असत्यात की."

मी आत जाऊन सही केली. पूनमला दोघी नर्स घेऊन गेल्या. दारातून ती ओरडली, "विकलं यानं! यानंच विकलं!"

आज चर्चला गेलो नाही.

२ फेब्रुवारी

मी दिसलो की ती किंचाळते. तिला परत सुई द्यावी लागते. म्हणून डॉक्टरबाईंनी मला समोर जायला मनाई केली. मामी आत जातात. मी ड्यूटी करून येतो आणि बाहेरच्या बाकावर, दारातून दिसणार नाही असा, बसतो. नवरा म्हणून माझ्याकडून होते ती सेवा एवढीच.

पाळकसाहेब आले होते. मला वाटलं बायबलमधलं वचन वाचतील, समजावतील. शेजारी बसून राहिले. नंतर म्हणाले, "मला काही सुचत नाही, इंद्रजीत. तू जेवलास का?" मी नव्हतो जेवलो. बाहेर जाऊन त्यांनी शेंगाचटणी आणि भाकरी आणली. ते स्वतःही जेवले. प्रार्थना एका वाक्याची केली.

माझी प्रार्थना बंद आहे. गुडघे टेकतो, पण बोलायला तोंड उघडत नाही. सतरा तारखेचं पान वाचलं. प्रभूनं निवड केली म्हणे! त्या उपवासाच्या तीन दिवसांत ती रात्रंदिवस आरोहीच्या 'खऱ्या' आईसाठी जळत होती आणि मी माझ्या निष्ठेकडं बघत बसलो होतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

रेश्माताई पुण्याहून आली. माझी सख्खी बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. माझे गाल बसलेले बघून रडली. मामी दवाखान्यात होत्या. आरोही ताईच्या खांद्यावर झोपली होती.

"राग येऊ देऊ नको," ताई म्हणाली. "तिला तिच्या माणसांकडं जाऊ दे. कोर्टसुद्धा समजून घेतं असल्या आजारात. तू काही वाईट ठरणार नाहीस. आरोहीला मी नेते. तू पुण्याला बदली माग."

"आणि शपथ?"

"शपथ काय तुला मारायला घेतली होती का रे?"

मी तिच्यावर ओरडायला हवं होतं. मी विचारलं, "तू आरोहीला खरंच नेशील?" त्या वेळी मला बायको दिसत नव्हती, मुलगी दिसत नव्हती. फक्त एक अंधारी खोली दिसत होती, जिथं मी एकटा झोपलोय आणि कुणी उठवत नाही. ताईनं त्या खोलीची किल्लीच माझ्यापुढं धरली होती.

विचार करून सांगतो म्हणालो.

२० फेब्रुवारी

हे पान फाडणार होतो. राहू देतो.

आज मला टेंभुर्णीची ड्यूटी होती. तिथं गाडी लावली. शेजारी पुण्याची गाडी सुटायच्या बेतात. तिचा कंडक्टर ओळखीचा, गमतीनं म्हणाला, "येतोस का?" मी त्याच्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवला. दुसराही ठेवला. आत एक सीट रिकामी होती. मी खरंच जाणार होतो. गणवेशात, गळ्यात तिकीट मशीन, तसाच. फोन बंद करायचा, एवढंच मनात होतं.

मागून माझी बाही कुणीतरी ओढली. माझ्या गाडीतला एक म्हातारा, धुळा नावाचा. मघाशी परतीच्या फेरीसाठी चढताना त्याला हात दिला होता. "ओ सायब, सोलापूरची गाडी कवा सुटायची? तुमी तर ह्या गाडीत चढलाय."

"सुटेल की आत्ता," मी म्हणालो आणि उतरलो.

देव बोलला असं लिहायला मला आवडलं असतं. म्हातारा बोलला. त्याला दवाखान्यात बायकोकडं जायचं होतं, आणि माझ्याशिवाय गाडी हलणार नव्हती. परत येताना मोहोळपर्यंत मी मागच्या सीटवर बसून तोंडावर टोपी धरली होती.

रात्री ताईला फोन केला. तिला म्हणालो, आरोही इथंच राहील. कारण विचारलं तर सांगता आलं नाही. पूनमवर माया दाटून आली होती म्हणावं, तर तसं काहीच नव्हतं.

५ मार्च

आज ती ओरडली नाही.

मामींनी दार उघडं ठेवलं होतं. पूनमनं मला बाकावर पाहिलं. मग मामींना म्हणाली, "हे रोज इथं बसतात?"

"रोज."

"कशाला?"

मामींनी माझ्याकडं बघितलं. पूनम भिंतीकडं वळून झोपली.

१६ मार्च

घरी आणलं. गोळ्यांनी तिचं अंग जड झालंय, बोलणं सावकाश. आरोही अडीच महिन्यांची झाली, हसते. पूनम तिला घेते, पाजते वाटीचमच्यानं, खाली ठेवते. मामी तिथंच बसलेल्या असतात. आजार पुन्हा येऊ शकतो असं डॉक्टरबाईंनी बजावलंय. लवकर कळलं तर लवकर आवरतो.

मंडळीतल्या बायका येऊन गेल्या. सगळ्या तिला "किती छान दिसतेस" म्हणाल्या. ती छान दिसत नाही.

३० मार्च

दुपारी मामी पाणी भरायला खाली गेल्या होत्या. मी मेथी निवडत होतो. पूनम समोर बसली होती, आरोही मांडीवर.

"मला हिला घेतल्यावर काही वाटत नाही," ती म्हणाली. "कळतं की माझी आहे. पण वाटत नाही. वीट घेतल्यासारखं वाटतं."

मी पुढची जुडी सोडली.

"खरं सांगाल? तुम्हाला माझ्याबद्दल वाटतं का काही?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! चर्चमध्ये, दवाखान्यात, मामींसमोर मी आजवर जे बोलत आलो तेच बोलायचं होतं. पण ती इतकी निरखून बघत होती की जीभ वळली नाही.

"आज नाही वाटत," मी म्हणालो. "दमलोय गं."

तिनं खांदे सैल सोडले. "बरं झालं. सगळे माझ्याशी गोड बोलतात, मला कळतच नाही खरं कुठलं. तुम्ही बोललात ते खरं आहे." मेथीची एक जुडी तिनं आपल्याकडं ओढली.

थोड्या वेळानं म्हणाली, "चर्चमध्ये मीपण बोलले होते ना, ते आजारपणात सांभाळीन वगैरे?"

"बोलली होतीस."

"मग मी तुमचं काय सांभाळलं? तुम्ही बाकावर बसलात. मी काय केलं?"

मी म्हणालो, तू बरी हो, तेवढं पुरे. हे उत्तर तिला पटलेलं दिसलं नाही.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

बेचाळीस अंश. गुड फ्रायडेची तीन तासांची उपासना. पूनम माझ्याबरोबर आली, शेवटच्या बाकावर बसली, तासाभरानं म्हणाली घरी जाऊ. गेलो. वाटेत लिंबू सरबत प्यायलो.

गेल्या अडीच महिन्यांत पहिल्यांदा प्रार्थनेला शब्द सापडले. एवढेच: प्रभू, ही आणि मी. बस.

आरोही मामींच्या घोंगडीवर पालथी पडायला शिकली. पूनमनं तिला सरळ केलं, ती पुन्हा पालथी पडली. पूनमनं पुन्हा सरळ केलं. असं दहा-बारा वेळा. मी दारातून बघत होतो. मला वाटलं, गोळ्यांमुळे तिला एकच गोष्ट परत परत करायची सवय लागलीय. डॉक्टरबाईंना विचारायला हवं.

९ मे

पुन्हा दवाखान्याच्या बाकावरून लिहितोय.

डॉक्टरबाईंनी एक गोळी कमी केल्याला बारा दिवस झाले होते. परवापासून पूनमची झोप तुटली होती, पण उकाड्यानं सगळ्यांचीच तुटली होती. आज सकाळी अकराला मी अक्कलकोट स्टँडवर होतो. तिचा फोन आला. आवाज घाईचा.

"ऐका. आरोही परत दुसऱ्याची वाटायला लागलीय. मला माहीत आहे ती आपली आहे. आत्ता माहीत आहे. संध्याकाळपर्यंत माहीत असेल का, सांगता येत नाही. तुम्ही या."

पोचलो तेव्हा ती जिन्यात बाहेरच्या पायरीवर बसली होती. पायाशी तिचे दोन गाऊन आणि दवाखान्याची फाईल भरलेली पिशवी. घराला आतून कडी होती. तिनंच मामींना सांगितलं होतं, कडी लावा, मी कितीही वाजवलं तरी मला आत घेऊ नका, आरोहीला देऊ नका. आतून मामींचा हुंदका ऐकू येत होता. बाहेर ही दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

"तीनदा वाजवलं मी," ती म्हणाली. "आईनं उघडलं नाही. बरं केलं."

रिक्षात तिनं माझा हात घट्ट धरला होता. भवानी पेठेतून निघताना प्रत्येक कडेवरच्या मुलाकडं ती बघायची आणि डोळे मिटायची. मला म्हणाली, "बोलत राहा. काहीपण बोला." मी थांब्यांची नावं सांगत राहिलो. दुसरं काही सुचलंच नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, या वेळी लवकर आलात. किती दिवस लागतील ते आत्ताच सांगता येणार नाही. नर्स आली. पूनम आपणहून उठली. दारापर्यंत मी पिशवी घेऊन गेलो. मागच्या वेळचं आठवून माझे पाय तिथंच थांबले. मी विचारलं, "उद्या येऊ? की तुला त्रास होईल?"

ती थांबली. तिच्या डोळ्यांत ती जुनी घाई येत चालली होती. आजार पुरता परतायच्या आत ती घाईघाईनं बोलली.

"उद्या मी तुम्हाला हाकलीन. शिव्यापण देईन. मी नको म्हणाले तरी या."